कर्ता कोण?

परीक्षेत ‘व्हॉइस बदला’ असा प्रश्न येतो आणि आपली मुलं तो पटकन सोडवतात. कर्म पुढे, कर्ता मागे, मध्ये ‘वॉज’ किंवा ‘वेअर’, की गुण मिळाले. पण स्वतःच्या मनाने लिहिताना ॲक्टिव्ह कुठे नि पॅसिव्ह कुठे, हे त्यांना ठरवता येत नाही. म्हणून या वेळी आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘अम्मीने भाकरी केली’ हा मराठीत कर्मणी प्रयोग. पण त्याचं सरळ इंग्रजी ‘अम्मी मेड भाकरी’, म्हणजे ॲक्टिव्हच. कर्मणी दिसला की पॅसिव्ह करायचा, असा नियम नाही.

मग निवड कशी करायची? आपल्या सोलापूरचंच उदाहरण घेऊ. मे १९३० मध्ये इंग्रज सरकारने शहरात मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवडा तुरुंगात फाशी दिली. मुलगी या चार हुतात्म्यांवर इंग्रजी निबंध लिहीत असेल, तर ‘दे वेअर हँग्ड ॲट येरवडा’ हे वाक्य अगदी योग्य. निबंध त्यांच्यावर आहे, नजर त्यांच्यावरच राहते.

पण ‘मार्शल लॉ वॉज इम्पोज्ड’ एवढंच लिहून ती थांबली, तर? तो कुणी लादला? जणू वळवाच्या पावसासारखा आपोआप कोसळला! इथे ‘द ब्रिटिश गव्हर्नमेंट इम्पोज्ड मार्शल लॉ’ असंच लिहायला हवं. करणाऱ्याचं नाव गाळलं की जबाबदारीही गळते.

अर्जातही हेच. ‘द फी वॉज पेड’ लिहिलं, की कार्यालय विचारणार, कुणी भरली? ‘आय पेड द फी’ लिहिलं की प्रश्नच उरत नाही. मात्र सायकल चोरीला गेली आणि चोर ठाऊक नाही, तर ‘माय सायकल वॉज स्टोलन’ हेच बरोबर.

तेव्हा मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवू या. वाक्य कुणाबद्दल आहे? आणि कर्ता गाळल्याने कुणी लपतंय का? या महिन्यात चार हुतात्म्यांवर पाच इंग्रजी वाक्यं त्यांच्याकडून लिहून घ्या. जिथे कर्ता नाही, तिथे तो का नाही, हे त्यांनाच सांगू द्या.