कुरळ्या केसांचा गुन्हा काय?

मे महिना आला की आमच्याकडे निकाहांची धांदल सुरू होते. हॉल, दावत, मेहंदी, जोडे या यादीत गेल्या काही वर्षांत आणखी एक खर्च येऊन बसला आहे, नवरीचे केस सरळ करून घेण्याचा. स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, केराटिन अशी नावं पार्लरबाहेरच्या फलकावर असतात. लांब केस असतील तर चार-पाच हजार सहज जातात. ज्या घरात मुलीच्या क्लासची फी तीन हप्त्यांत भरली गेली, त्या घरात हे पैसे एका दुपारी मोजले जातात. निकाह तर दूरच, नुसता मुलगी पाहायचा कार्यक्रम ठरला तरी धावपळ होते. "मुलगी चांगली आहे हो, पण केस जरा..." एवढं एखादी खाला फोनवर म्हणाली की पुढचं तिला बोलावं लागत नाही.

नटण्याला माझा विरोध नाही. लग्नात नटायचं नाही तर कधी? एखादीला हौस म्हणून केस सरळ करावेसे वाटले तर तिने खुशाल करावेत. मला खटकतं ते वेगळंच. सरळ केस म्हणजे 'नीट' आणि कुरळे केस म्हणजे दुरुस्तीला आलेली वस्तू, हे आपण न बोलता मान्य करून टाकलं आहे. आणि ही दुरुस्ती लोकांनी मुलीला पाहण्याआधी उरकायची असते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. वर्गात गझल शिकवताना मला या प्रकाराचं हसू येतं. उर्दू शायरीतून जुल्फ काढून टाकली तर दिवाण निम्मे रिकामे होतील. त्या जुल्फेचे शब्द कोणते? पेच, खम, शिकन, हल्का, जंजीर, दाम. पेच म्हणजे पीळ, खम म्हणजे वळण, हल्का म्हणजे कडं, दाम म्हणजे जाळं. आशिक त्यात अडकतो, कारण ते केस वळलेले आहेत. इस्त्री केलेल्या केसांत कोण अडकणार? मराठीतही बाळकृष्णाचे कुरळे कुंतल वाचकाला नवे नाहीत. पुस्तकात 'कुंतल' वाचणाऱ्या मुलीला मधल्या सुट्टीत मात्र 'झिपरी', 'झाडू', 'मॅगी' ऐकावं लागतं. घरी गेली की 'घोसला'. दोन भाषांनी ज्या केसांवर एवढं लिहिलं, त्याच केसांसाठी बोलीत शिव्याच उरल्या आहेत.

काही जण म्हणतील, पार्लरच्या गोष्टी दीनपर्यंत कशाला न्यायच्या? पण केसांचा विषय आपणच तिथे नेतो, फक्त सोयीपुरता. पोरांनी बाजूला मशीन फिरवून वर झुपका ठेवला की जुम्याच्या बयानात त्यावर हमखास येतं. डोक्याचा काही भाग मुंडायचा आणि काही ठेवायचा, याला हदीसमध्ये 'कज़ा' म्हटलं आहे आणि त्याला मनाई आहे. हजरत इब्न उमर यांची ती रिवायत बुखारीत आहे, ती सांगणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण त्याच हदीसच्या ग्रंथांत हजरत अनस यांनी प्रेषितांच्या केसांचं वर्णनही केलं आहे. केस अगदी सरळ नव्हते आणि फार कुरळेही नव्हते; कधी कानाच्या पाळीपर्यंत, कधी खांद्यापर्यंत येत. उम्मे हानी सांगतात की प्रेषित मक्केला आले तेव्हा त्यांच्या केसांच्या चार वेण्या होत्या. हे किती बयानांत ऐकलंत? अकीक्यात बाळाचे केस उतरवून त्यांच्या वजनाइतक्या चांदीचा सदका करतात. त्या तराजूत केस कसे आहेत ते कुणी पाहत नाही. तेच बाळ बावीस वर्षांची मुलगी झालं की पाहतात. केसांवरून मुलगी नाकारणाऱ्यांवर मी अजून एकही बयान ऐकलेलं नाही.

आता जरा बोचणारं लिहिते. आपल्या सभा-संमेलनांत मलिक अंबरचं नाव घेतलं नाही असं सहसा होत नाही, आणि ते योग्यच आहे. हबशातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कारभार पाहतो, मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवतो, 1610 मध्ये खडकी वसवतो (आजच्या छत्रपती संभाजीनगरचं मूळ), तिथे नहर बांधतो. 1626 मध्ये तो गेला, तरी वक्त्यांना तो अजून पुरतो. मुरूडच्या समुद्रातला जंजिराही सिद्दींकडेच होता आणि त्यांचं संस्थान 1948 पर्यंत टिकलं. हे सगळं आपण 'आपला इतिहास' म्हणून सांगतो. मग घरात शजरा काढायला बसलं की प्रत्येकाला अरबस्तानातला पूर्वज सापडतो. हबशी पूर्वज कुणालाच सापडत नाही! या किनाऱ्यावर शेकडो वर्षं गलबतं येत होती, ती काय फक्त अरबांनाच उतरवून जात होती? मलिक अंबरचा फोटो व्याख्यानाच्या बॅनरवर चालतो, तसे केस सुनेच्या डोक्यावर चालत नाहीत. 'गोरी, लांब सरळ केसांची' या मागणीत आपण नेमकं काय पुसायला बघतो, ते स्वतःशी तरी कबूल करायला हवं.

अमेरिकेत काळ्या लोकांनी हा झगडा उघडपणे केला. तिथे केसांच्या ठेवणीवरून नोकरी नाकारली जात होती, मुलांना शाळेतून परत पाठवलं जात होतं. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून नैसर्गिक केस आणि वेण्यांवरून होणारा भेदभाव हा वंशभेदच ठरवला. आपल्याकडे कायद्याची भाषा मी करत नाही. आपल्याकडे नकार कागदावर येत नाही, फोनवर येतो.

आणखी एक बाजू आहे, तब्येतीची. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून, गरम इस्त्री फिरवताना, फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, म्हणून पार्लरवाली मुलगी तोंडाला ओढणी बांधते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा वायू कर्करोगकारक मानला आहे. अमेरिकेत 33 हजारांहून अधिक स्त्रियांची जवळपास अकरा वर्षं पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. अशी द्रव्यं कधीच न वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 1.64 टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के निघालं. एवढ्यावरून एकमेव कारण हेच असं म्हणता येत नाही, आणि वर्षातून एकदा वापरणारीने घाबरून जावं असंही नाही. पण केस मुळाशी पुन्हा कुरळेच उगवतात. म्हणजे निकाहला एकदा सरळ केले की 'अशीच होती' हे टिकवायला चार-सहा महिन्यांनी पुन्हा जावं लागतं. सासरी कुरळे केस उघडे पडू नयेत म्हणून किती वर्षं जायचं, याचा हिशेब पाहायला आलेल्यांपैकी कुणी देत नाही. आणि दिवसाला तीन-चार गिऱ्हाइकं करणाऱ्या त्या पार्लरवालीचा हिशेब तर कुणीच मांडत नाही.

सुरुवात मात्र पार्लरमध्ये होत नाही, आमच्या शाळेत होते. आमच्या नियमावलीत 'मुलींचे केस नीट विंचरलेले असावेत' असं वाक्य आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर एकाच प्रकारचे केस असणार. कुरळे केस कोरडे विंचरले की फुलतात, गुंततात, तुटतात. ते ओले असताना, हाताने किंवा जाड दातांच्या कंगव्याने सोडवायचे असतात. म्हणजे नियम जितका मन लावून पाळावा तितकी ती मुलगी विस्कटलेली दिसते, आणि प्रार्थनेच्या रांगेतून तिलाच बाजूला काढतात. पाचवीतली पोर रोज सकाळी वाटीभर तेल थापून येते, तरी कानामागून दोन बटा सुटतातच.

मी गेल्या सभेत 'नीट विंचरलेले' काढून 'स्वच्छ आणि बांधलेले' असं करावं, असं लेखी दिलं. एका सरांनी विचारलं, "मॅडम, दोन्हींत फरक काय?" शेजारी बसलेल्या शिपाई मावशींचे केस कुरळे आहेत. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सरांना फरक समजावून सांगितला, कंगव्यासकट. विषय जूनच्या सभेत घेऊ, असं ठरलं आहे.