घोडा द्या, पण लिहून द्या

म्हैसूरहून बोगादीकडे जाताना रिंग रोड ओलांडला की दर वर्षी एखादी नवी वसाहत उभी राहिलेली दिसते. रागीच्या शेतांचे प्लॉट पडले, गावाची नगर पंचायत झाली, तरी या बाजूला अजून एखाद्या घरामागे घोडा बांधलेला आढळतो. म्हैसूरला घोड्याचा शौक जुनाच. रेस क्लब १८९१ पासूनचा, दसऱ्याच्या मिरवणुकीत पोलिसांचे अश्वदल, राजवाड्यात पट्टद कुदुरेची, म्हणजे राजाच्या मानाच्या घोड्याची, पूजा. हे बघत वाढलेल्या मुलाला घोड्यावर बसावेसे वाटते आणि ऐपत असली तर घरचे घोडा घेऊनही देतात. मग मुलाची बारावी होते, तो पुण्याला नाहीतर बेंगळुरूला शिकायला जातो आणि घोडा मागे राहतो. विकायला जीव होत नाही, रोज फिरवायला माणूस नाही. अशा वेळी ओळखीतला कुणी तरी म्हणतो, "काकू, घोडी आमच्याकडे राहू द्या. आम्ही सांभाळू, आमची मुलंही शिकतील." सगळ्यांनाच हायसे वाटते आणि घोडी जाते. तोंडी.

आमच्या परिचयातल्या एका मराठी कुटुंबाची घोडी अशीच गेली. परत आली तेव्हा पाठीवर खोगिराने पडलेले व्रण होते, खूर वाढून नाल सैल झाले होते. नेणारा माणूस दुष्ट नव्हता. चारा-दाण्यात त्याने हात आखडला नव्हता. पण घोडी त्याच्या मेहुण्याने वरातींना नेली, ज्याला जमेल तो तिच्यावर बसला, आणि नालबंदाला बोलावणे आपले काम आहे असे कुणालाच वाटले नाही. मालकांनी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "इतके महिने खर्च मी केला, उलट तुम्हीच माझं देणं लागता." दोघांनाही आपलेच म्हणणे खरे वाटत होते. दोघांकडेही दाखवायला कागद नव्हता. दोन घरांचा अबोला अजून सुटलेला नाही. त्यात सगळ्यात जास्त सोसले ते जिला बोलता येत नव्हते तिने.

घोडा दिसायला दणकट, पण आतून फार नाजूक. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले मागे येत नाही. वैरण बदलली, दाणा एकदम वाढवला, पाणी कमी पडले, की पोटशूळ उठतो आणि काही तासांत जिवावर बेततो. रागीच्या कडब्यावर आणि शिजवलेल्या हुलग्यांवर वाढलेल्या जनावराला नव्या घरी कौतुकाने गव्हाचा तोबरा चढवला, तर ते कौतुक खुरांच्या दाहापर्यंत जाऊ शकते. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते. सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासून नाल बघावे लागतात. एकाच्या पाठीच्या मापाचे खोगीर दुसऱ्याला चालत नाही. ही माहिती मालकाच्या हाताला आणि डोळ्याला असते. घोडा देताना लगाम दिला जातो, खोगीर दिले जाते, ही माहिती मात्र मालकाकडेच राहून जाते.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न चांगलाच ठाऊक होता. मराठी फौजेत शिलेदार स्वतःच्या घोड्यावर लढे आणि बारगीर सरकारच्या. म्हणजे बारगिराचा घोडा वापरायला दिलेलाच. परक्या घोड्याची काळजी आपोआप घेतली जात नाही हे जाणून शिवाजी महाराजांच्या पागेत त्याची व्यवस्था लावलेली होती. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीत ती सापडते: २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखाली व एक नालबंद. पाणी आणि नाल या दोन गोष्टी कुणाच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या. दसऱ्याला फौज छावणीतून निघताना ज्याच्याजवळ जे असेल त्याची यादी होई. चिपळूणजवळ दळवटण्याच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, ही त्यातली ताकीद आपण वारंवार सांगतो. त्याच पत्रात घोड्यांची चिंताही तितकीच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच मनमानी उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी कशा पेटतील, इथपर्यंत त्यांचा विचार गेला आहे. राज्य उभे करणाऱ्या माणसाला जे बारकावे कमीपणाचे वाटले नाहीत, ते आपल्याला का वाटावेत?

उलट बाजूही आहे. घोडा स्वतःचा असला की काळजी राहते, पण तो गेला की माणूस बसतो. १८०७ च्या पुरवणी तहाने म्हैसूर संस्थानाला ४००० घोडेस्वार ठेवणे भाग पडले, ते शिलेदार पद्धतीचेच. पुढे इंग्रजांच्या हिंदी घोडदळातही ही पद्धत रुजली. पहिल्या महायुद्धात घोडी भराभर मेली, प्रत्येक स्वाराने आपापली भरून काढणे अशक्य झाले आणि युद्धानंतर ती पद्धत मोडीत निघाली. घोडा कुणाचा, हे ठरवून काम भागत नाही. नुकसान कुणी सोसायचे, हेही आधी ठरावे लागते.

आजचा कायदाही याबाबतीत मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात निक्षेपाचे, म्हणजे आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देण्याचे, जे प्रकरण आहे त्यातली काही उदाहरणे घोड्याचीच आहेत. घोडा खोडकर आहे हे ठाऊक असून मालकाने सांगितले नाही आणि तो उधळून नेणारा पडला, तर जबाबदार मालक. एकट्याने बसायला म्हणून नेलेल्या घोड्यावर घरातल्या दुसऱ्याला बसवले, त्याने सांभाळून चालवला, तरी घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई नेणाऱ्याकडे. बनारसला जायला म्हणून कलकत्त्यात भाड्याने घेतलेला घोडा कटकला नेला, तरी तेच. मेहुण्याला वरातीसाठी घोडी देणाऱ्याने हे वाचायला हवे होते. आयजीच्या जिवावर बायजी उदार होण्याला कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच लगाम घातला आहे. नुसता सांभाळायला दिला आणि मोबदला ठरलेला नसेल, तर आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा, असेही हा कायदा सांगतो. म्हणून 'सांभाळायला' की 'बसायला', हे पहिल्याच दिवशी स्पष्ट व्हायला हवे. पुढची निम्मी भांडणे तिथूनच उगवतात. आणि १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा ताब्यात जनावर असलेल्या प्रत्येकावर त्याच्या देखभालीची जबाबदारी टाकतो, पण देखरेखीत कसूर करणाऱ्या मालकालाही सोडत नाही. घोडा दुसऱ्याच्या दारात बांधला म्हणून मालकाचे कर्तव्य संपत नाही.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे. घोडा देण्याआधी दोघांनी बसून साध्या मराठीत किंवा कन्नडमध्ये एक पान लिहावे. चारा, नालबंद, डॉक्टर यांचा खर्च कुणाचा. कोण बसणार, कोण अजिबात नाही. वरातीला, मिरवणुकीला न्यायचा की नाही. बाहेरच्या घोड्यांत मिसळणार असेल तर ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी कुणी करायची, कारण तो रोग माणसालाही होतो आणि लागण ठरलेला घोडा मारावाच लागतो. घोडी गाभण राहिली तर शिंगरू कुणाचे. परत मागायचा तर किती दिवस आधी सांगायचे. देताना पाठीचे, खुरांचे, दातांचे फोटो काढावेत, खोड्या लपवू नयेत, रोजचा दाणा मापासकट लिहून द्यावा. आणि महिन्यातून एकदा मालकाने स्वतः जाऊन घोड्याच्या पाठीवरून हात फिरवावा.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटचा. घोडा २५-३० वर्षे जगतो. शौक बहुधा त्याच्या आधी संपतो. रात्री दोनला पोटशूळ उठला आणि मालक पुण्यात असला, तर शस्त्रक्रियेचा किंवा वेदना संपवण्याचा निर्णय कोण घेणार? म्हातारा झाल्यावर तो कुणाच्या दारात राहणार? हे विचारताना जीभ जड होते, पण विचारले नाही तर हाल घोड्याचेच होतात.

अशा कागदाने मैत्रीत अविश्वास येतो, असे अनेक जण म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. ज्याला खरोखर घोड्याची माया असते, तो हे पान वाचून आणखी दोन प्रश्न स्वतःहून विचारतो. ज्याला त्यात अपमान वाटतो, त्याला घोडा देऊ नये.