किशोर आणि विनीत

अमरकोशांत घोड्याच्या शिंगरास ‘किशोर’ म्हटलें आहे, आणि जो घोडा शिकून उत्तम वाहतो त्यास ‘विनीत’. हे दोन्ही शब्द मीं जवळजवळ तीस वर्षें वर्गांत शिकविले. किशोर म्हणजे कुमारवयाचा मुलगा, विनीत म्हणजे नम्र, असें मुलें लिहीत आणि मीही तें बरोबर म्हणून खूण करीत असें. त्या दोन शब्दांमधलें अंतर केवढें असतें हें मात्र मला निवृत्तीनंतर माथेरानास एका घोड्याच्या पाठीवर बसून कळलें.

आम्हां पनवेलकरांस माथेरान म्हणजे शेजार. पूर्वेस प्रबळगड दिसतो, त्याच्या पलीकडे तो डोंगर. 1850 सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब तेथें चढून गेले आणि पुढें तें थंड हवेचें ठिकाण झालें, हा इतिहास वाचकांस ठाऊक असेलच. मोटारी दस्तुरीच्या नाक्यावर थांबतात. पुढें स्वतःचे पाय, 1907 सालीं सुरू झालेली चिमुकली आगगाडी, नाहीं तर घोडा. म्हणून तेथील घोडा हौसेचा नव्हे, पोटाचा आहे. त्यानें दिवसभर अनोळखी माणसें पाठीवर घ्यावयाचीं, आणि तींही बहुधा अशीं, कीं ज्यांनीं पूर्वीं घोडा केवळ वरातींत पाहिलेला असतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा तेथें हा धंदा आहे. 2019 च्या दिवाळीनंतर त्यानें मला आपलें नवें शिंगरू दाखविलें. रंग कुमैत, कपाळावर पांढरा टिळा, वय दोन वर्षें, नांव मोती. भीमथडीच्या रक्ताचें आहे, असें तो अभिमानानें म्हणाला. (घोडेवाल्यांत ज्याचें त्याचें जनावर भीमथडीचेंच असतें, असो.) पुढल्या मार्चांत साथ आली, टाळेबंदी झाली, आणि माथेरानास एकही प्रवासी फिरकेना. माणूस अर्धपोटीं दिवस काढूं शकतो. घोड्याची वैरण चुकत नाहीं. त्याच्यापाशीं तीन जनावरें होतीं. टाळेबंदी उठतां उठतां वरातीला घोडे पुरविणारा एक व्यापारी मोतीला मागूं लागला आणि किंमतही बरी देत होता. विद्यार्थ्यानें मला फोनवर विचारलें, आणि मीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें, “विकून टाक. जें मिळवीत नाहीं तें आधीं काढावें.” त्यानें माझें ऐकलें नाहीं. मिळवती घोडी विकली आणि हें न मिळवतें शिंगरू ठेविलें.

“गुरुजी, घोडी बारा वर्षांची झाली. ह्याला आज दिला, तर पांच वर्षांनीं मी माणसें बसवूं कशावर?”

शिंगराच्या पुढच्या दुधाच्या दांतांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, आणि पांचव्या वर्षीं तोंड भरतें. पाठीच्या मणक्यांची वाढ त्याच्याही पुढें चालू राहते. बाहेरून मात्र तीन वर्षांचा घोडा पुरता घोडा दिसतो, आणि येथेंच लोभ आड येतो. भर हंगामांत दारीं उभें असलेलें तरणें जनावर रिकामें ठेवणें म्हणजे रोजची मिळकत रोज सोडून देणें. माझ्या विद्यार्थ्यानें ती सोडली. तिसऱ्या वर्षीं मोतीच्या पाठीवर फक्त रिकामें खोगीर. तें घालून, उरलेल्या थोराड घोड्याच्या बाजूनें, तो त्याला बाजारांतून हातीं धरून नेई. अमन लॉजच्या स्थानकापाशीं गाडीची शिटी होईपर्यंत उभा करी आणि परत आणी. चौथ्या वर्षीं तो स्वतः बसूं लागला, तेंही घटकाभर. पांचवें लागल्यावर प्रवासी, परंतु आधीं हलकीं मुलें. घोडे फिरवून तयार करणाऱ्यास आपल्याकडे ‘चाबूकस्वार’ असा जुना शब्द आहे; ह्या माणसाच्या हातीं मीं चाबूक कधीं पाहिला नाहीं.

2022 च्या मार्गशीर्षांत मी प्रथम मोतीवर बसलों. वाटेंत एका पत्र्यावर माकडानें उडी घेतली, मोती बाजूस उसळला, आणि मी खोगिरावरून घसरून, एक पाय रिकिबींत अडकलेला, असा लोंबकळलों. ढोपर सोलवटलें, मानभंग झाला तो त्याहून अधिक. मीं घोड्यास बोल लाविला.

“गुरुजी, तो बिचकला हें खरें,” विद्यार्थी म्हणाला, “पण तुम्हीं त्याच वेळीं लगामही ओढलात आणि टांचाही दाबल्यात. थांब कीं चाल, त्यानें ऐकावें काय?”

मी गप्प बसलों. एकाच श्वासांत ‘उत्तर सांग’ आणि ‘बोलूं नकोस’ असें मुलांस दरडावण्याची माझी संवय त्याला चांगली ठाऊक होती.

2025 च्या दिवाळीनंतर आम्ही उभयतां पुन्हां गेलों. मोती आतां आठ वर्षांचा. मधल्या काळांत तेथें विजेवर चालणाऱ्या रिक्षा आल्या आहेत, आणि त्यांचा आवाज जवळजवळ नाहीं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्याला बहुतेक चहूंकडचें दिसतें, पण नेमकें पाठीमागचें दिसत नाहीं. तेथला पहारा कानांचा. दस्तुरीहून वर येतांना एका वळणावर मोतीचा एक कान एकदम मागें फिरला. मला कांहींच ऐकूं आलें नव्हतें. तो आपणहून कडेला सरला, उभा राहिला. रिक्षा निघून गेली. कान पुढें आला आणि तो चालूं लागला. ह्या सर्वांत माझा वांटा एवढाच, कीं मीं हात हालविला नाहीं. त्याला भीति वाटलीच नसेल असें मी म्हणत नाहीं. पूर्वीं ती त्याच्या पायांत उतरत असे, आतां कानांतच थांबते.

सायंकाळीं सनसेट पॉइंटच्या वाटेवर, तांबड्या मातींत, त्यानें दुडकी धरली. अमरकोशांत घोड्याच्या पांच गति दिल्या आहेत, आस्कन्दित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. मुलांना मीं त्या घोकायला लावीत असें. कोणती कशी, हें एखाद्यानें विचारलें असतें तर मला सांगतां आलें नसतें. दुडकी म्हणजे धौरितक असावी, असें आतां माझ्या कंबरेचें मत आहे. समोर प्रबळगड काळा पडत चालला होता, त्याच्या पलीकडे खालीं कोठेंतरी आमचें पनवेल, आणि मी लगाम सैल सोडून, कांहींएक न करतां, बसलों होतों. इतका वेळ कांहींएक न करणें मला पूर्वीं कधीं साधलें नव्हतें.

दुसरे दिवशीं आमच्या मंडळीनें हट्ट घेतला. ती जन्मांत कधीं घोड्यावर बसली नव्हती, आणि माझ्या सोलवटलेल्या ढोपरास हळद तिनेंच लाविली होती, तरी म्हणाली, “मी बसतें.” विद्यार्थ्यानें एका ओट्यापाशीं मोतीला उभा केला. पातळ सांवरीत ती चढून नीट बसेपर्यंत त्यानें खूर हालविला नाहीं. बाजार जवळ आला तेव्हां विद्यार्थ्यानें हातांतली दोरी सैल सोडली. मी मागून पायीं येत होतों, आणि “लगाम ओढूं नको, टांचा दाबूं नको,” असें ओरडून सांगत होतों. तिनें एकदांही मागें वळून पाहिलें नाहीं. मोतीचा एक कान मात्र सारखा माझ्याकडे वळत होता.