पुरावा नको, बाई हवी!

एक हेरकथा ऐका. परक्या बेटावरून एक सुंदरी येते, हॉटेलात उतरते. पर्समध्ये लिपस्टिक, म्हणजे आत कॅमेरा असणारच! ती नुसती हसते आणि पन्नाशीचे शास्त्रज्ञ भराभर रॉकेटचे नकाशे तिच्या ओटीत घालतात. नकाशे बॅगेत, बॅग विमानात, देश खड्ड्यात!

हसलात ना? १९९४ साली केरळात जवळजवळ हीच कथा बातमी म्हणून छापली गेली. त्या ऑक्टोबरात मालदीवच्या मरियम रशीदा यांना व्हिसाची मुदत उलटल्यावरही राहिल्याबद्दल तिरुवनंतपुरममध्ये अटक झाली. सुरतच्या प्लेगमुळे विमाने रद्द झाली, म्हणून परतता आले नाही, असे त्यांचे म्हणणे. इतके साधे कारण कोणाला रुचणार? पुढच्या महिन्यात त्यांची मैत्रीण फौजिया हसन आणि नंबी नारायणन यांच्यासह इस्रोचे शास्त्रज्ञही पकडले गेले. आरोप होता क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान विकल्याचा. ते इंजिन तेव्हा आपल्याकडे तयारच नव्हते! स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण झाले २०१४ साली. घरात नसलेला दागिना चोरीला गेला म्हणून ही बोंब!

१९९६ मध्ये सीबीआयने हे आरोप खोटे ठरवले. राज्य सरकारने पुन्हा तपासाचा घाट घातला. तो १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तोवर या दोघींची तीनहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती. २०१८ मध्ये न्यायालयाने नारायणन यांना ५० लाखांची भरपाई दिली. ती योग्यच, पण त्या आदेशात या दोघींच्या पदरी काही पडले नाही. फौजिया २०२२ मध्ये वारल्या.

कटाच्या कथेला पुरावा लागत नाही, बाई लागते. एकटी, परकी, पुरुषांशी मोकळेपणी बोलणारी. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले, की पुरावा कोणी मागत नाही. समुपदेशन केंद्रात हीच कथा मी रोज ऐकते: ‘उशिरा येते, फोनवर हसते, म्हणजे काहीतरी शिजतंय.’ इथे तपास अधिकारी नवरा, साक्षीदार सासू आणि निकाल आधीच लागलेला.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी वर्तमानपत्रात एखादी ‘गूढ महिला’ दिसली, तर चवीने वाचण्याआधी एवढेच विचारूया: पुरावा कुठे आहे?