फुले दूरगावी पाठवताना

समजा, मुलगी बंगळुरूला आहे. सातवा महिना लागला आहे आणि येत्या रविवारी तिचे डोहाळजेवण आहे. आई कोल्हापुरात. तिकीट काढलेले, हिरवी साडी घेतलेली, पण ऐन वेळी वडील न्हाणीघरात घसरून पडले आणि पायाला प्लॅस्टर घालावे लागले. आईचे जाणे रद्द झाले. बाकीचे सारे विहीणबाई हौसेने करतील, यात शंका नाही. पण फुलांची वाडी तरी माहेरची असावी, ही रुखरुख आईच्या मनातून जाईना. शेवटी धाकट्या मुलाने मोबाइलवर एक चित्र दाखवले. लाल गुलाबांचा भलामोठा गुच्छ, खाली ‘दोन तासांत घरपोच’. पैसे भरले. गुच्छ पोहोचला तो संध्याकाळी सहाला, ओटी भरून, पाहुणे जेवून घरी गेल्यावर. फुले चित्रातल्यापेक्षा निम्मी, पाकळ्यांच्या कडा काळवंडलेल्या. मुलगी फोनवर म्हणाली, ‘‘छान आहेत गं आई.’’ तिच्या आवाजावरूनच आईला सारे कळले.

नोकरीनिमित्त मुले बंगळुरूला आणि आईवडील महाराष्ट्रात, अशी आज कितीतरी घरे आहेत. असा प्रसंग त्यांतल्या कुणावरही येऊ शकतो. पैसे गेले याचे दुःख थोडे असते. आपण तिथे नव्हतो आणि आपली फुलेही वेळेवर नव्हती, हे जास्त लागते. थोडी माहिती असेल तर हे सहज टाळता येते.

प्रवास निरोपाचा

दूरगावी फुले पाठवायची म्हणजे इथून फुले तिथे जातात, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा इथून जाते ती फक्त ऑर्डर. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०८ मध्ये बर्लिनच्या माक्स ह्युब्नर या फूलविक्रेत्याने गावोगावच्या विक्रेत्यांना एकत्र आणले. एका गावात पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या गावच्या विक्रेत्याने ताजी फुले पोहोचवायची, अशी ती व्यवस्था होती. १९१० मध्ये अमेरिकेतील विक्रेत्यांनी तारेने ऑर्डर पाठवण्यासाठी अशीच संघटना काढली. तारेच्या जागी पुढे टेलिफोन आला, आता मोबाइल आहे. मूळ कल्पना तीच राहिली आहे.

यातून एक साधी गोष्ट लक्षात येते. पैसे कुणीही घेवो, गुच्छ बांधणारा माणूस त्या गावचा असतो. त्याच्याकडे त्या दिवशी जी फुले असतील, तीच आपल्या माणसाच्या हाती पडतात. मधला विक्रेता आपला वाटा काढून घेतो आणि उरलेल्या रकमेत स्थानिक दुकानदाराला काम करायचे असते. चित्रातली वीस फुले दारात बारा का होतात, याचे एक कारण हे आहे. शिवाय दुकानदाराला आपण ठाऊक नसतो. डोहाळजेवण बारा वाजता आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

म्हणून शक्य तेव्हा त्या गावच्या दुकानदाराशी थेट बोलावे. मुलीच्या शेजारणीला, जावयाच्या मित्राला किंवा सोसायटीच्या वॉचमनला विचारले तरी जवळच्या चांगल्या फूलवाल्याचा नंबर मिळतो. बंगळुरूच्या दुकानदारांशी हिंदीत बोलले तर बहुधा चालते. आज कोणती फुले ताजी आहेत, हे आधी विचारावे. तयार गुच्छाचा फोटो मागवावा आणि तो पाहून उरलेली रक्कम फोनवरूनच भरावी.

फुलांचे शहर

फुलांच्या बाबतीत बंगळुरूकर नशीबवान आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहराची हवा फुलझाडांना मानवते. १७६० मध्ये हैदरअलीने लालबागेची सुरुवात केली. तिथल्या काचघरात प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास भरणारी पुष्पप्रदर्शने पाहायला गावोगावचे लोक येतात. तिगळ समाज पिढ्यान्‌पिढ्या बागायतीसाठी ओळखला जातो. त्यांच्या प्रसिद्ध ‘करग’ उत्सवात डोक्यावरचा करग मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला असतो. आसपासच्या दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी आणि सीमेपलीकडच्या होसूर भागात हरितगृहांतून गुलाब, जरबेरा, कार्नेशन पिकतात.

कृष्णराजेंद्र मार्केटमध्ये, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या के. आर. मार्केटमध्ये, पहाट होण्यापूर्वीच फुलांचे ढीग लागतात. बसवनगुडीचा गांधी बाजार आणि मल्लेश्वरमचा आठवा क्रॉस इथेही फूलवाल्यांच्या रांगा असतात. मल्लेश्वरमशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. या वस्तीला ज्यावरून नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराचे मंदिर शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात बांधले, असे मानतात.

तेव्हा अशा शहरात डोहाळजेवणासाठी लाल गुलाबांचा सेलोफेनमधला गुच्छच कशाला हवा? कर्नाटकातही सीमंताचा सोहळा असतो आणि गर्भवतीच्या वेणीवर ‘मोग्गिन जडे’ हा साज चढवतात. मोग्गु म्हणजे कळी, जडे म्हणजे वेणी. मोगऱ्याच्या न उमललेल्या कळ्या ओवून केलेला हा साज अख्ख्या वेणीवर बसतो. आपल्या वाडीची ती जणू सख्खी बहीणच! बाजारातले कारागीर तो मागणीप्रमाणे तयार करतात. एक-दोन दिवस आधी सांगावे लागते, केसांची लांबी कळवावी लागते आणि कार्यक्रमाची वेळ आवर्जून सांगावी लागते, कारण कळ्या पुढे उमलू लागतात. हाती आलेला साज ओल्या कापडात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवला की टवटवीत राहतो. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा हवा असेल तर आपल्याकडच्या वाडीचा फोटो पाठवावा.

काही कानडी शब्द ठाऊक असले की काम सोपे होते. मोगरा म्हणजे ‘मल्लिगे’, शेवंती म्हणजे ‘सेवंतिगे’, अबोली म्हणजे ‘कनकांबर’, निशिगंध म्हणजे ‘सुगंधराज’, चाफा म्हणजे ‘संपिगे’ आणि मरवा म्हणजे ‘मरुग’. ओवलेली फुले ‘मोळ’ या मापाने विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात. फूलवाली आपल्याच हाताने मापते. गजऱ्यासाठी ‘दोन मोळ मल्लिगे’ म्हटले की पुरे.

भावाचा मात्र अंदाज ठेवावा. मोगरा उन्हाळ्यात मुबलक असतो, थंडीत दुर्मीळ आणि महाग होतो. अशा वेळी काकडा, शेवंती किंवा अबोली घ्यावी. श्रावणातली वरमहालक्ष्मी, गौरी-गणपती आणि खंडेनवमीच्या दिवशी असणारी आयुधपूजा या दिवसांत फुलांचे भाव चढतात आणि दुकानदारांना श्वास घ्यायला फुरसत नसते. गुलाबांचे तेच फेब्रुवारीच्या मध्यावर होते. या दिवसांसाठी चार-पाच दिवस आधी सांगावे, नाहीतर आपली भेट दोन दिवस पुढे ढकलावी.

पत्ता सांगताना

बंगळुरूचे पत्ते नवख्याला चक्रावून टाकतात. एकाच नावाच्या वस्तीत ब्लॉक, स्टेज, फेज, मेन आणि क्रॉस असतात. ‘पाचवा मेन, आठवा क्रॉस’ आणि ‘आठवा मेन, पाचवा क्रॉस’ हे दोन वेगळे पत्ते आहेत. पत्ता मुलीकडून लिहून मागवावा. जवळची ठळक खूण आणि घरी नक्की असणाऱ्या माणसाचा फोन नंबर द्यावा. मोठ्या संकुलांत फाटकावर नोंद केल्याशिवाय आत सोडत नाहीत. फुले अचानक पोहोचवून चकित करायचे असेल तरी घरातल्या एकाला विश्वासात घ्यावेच.

दुकान घराजवळचे निवडावे. मल्लेश्वरमची फुले व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीला निघाली तर वाहतुकीच्या कोंडीत ती स्कूटरवर तासन्‌तास उन्हात राहतात. मग दुकानदार कितीही प्रामाणिक असला तरी काय करणार?

कुंडी पाठवण्यापूर्वी

फुले चार दिवसांत कोमेजतात, म्हणून हल्ली कुंडीतले रोप पाठवण्याकडे कल वाढला आहे. कल्पना चांगली आहे. लालबागेत रोपवाटिकाधारकांच्या सहकारी संस्थेचे विक्री केंद्र आहे, जवळच सिद्धापुऱ्यात जुन्या रोपवाटिका आहेत. पण रोप म्हणजे घरात आलेला एक जीव. त्याच्याबरोबर रोजचे काम येते. नवरा-बायको दोघेही सकाळी आठला बाहेर पडून रात्री परतत असतील, तर नाजूक रोप त्यांना भेट न वाटता जबाबदारी वाटेल. महिन्याभरात ते वाळले की तुमचा फोन आल्यावर त्यांना अपराधी वाटेल, ते वेगळेच.

पाण्याचाही विचार हवा. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूत विंधनविहिरी आटल्या आणि टँकरसाठी धावाधाव झाली. त्या मार्चमध्ये तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने बागेला पिण्याचे पाणी घालण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरवला होता. ज्या घरात बादलीचा हिशेब करावा लागतो, तिथे पाणी मागणारी फर्नची कुंडी पाठवणे बरे नव्हे. स्नेक प्लांट, झीझी, जेड, कोरफड ही रोपे आठ-दहा दिवस पाण्यावाचून तग धरतात. ऊन येणारी गॅलरी आहे का, हे विचारून घ्यावे. ऊन नसेल तर गुलाब किंवा जास्वंद पाठवू नये, फुले येत नाहीत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मोठी जड कुंडी नको, घर बदलताना तिचे ओझे होते.

रांगते बाळ असेल तर डिफेनबेकिया, पीस लिली आणि मनी प्लांट टाळावेत. त्यांची पाने चावली तर तोंडाची आग होते. घरात मांजर असेल तर लिलीची फुलेही नकोत. खऱ्या लिलीने मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

कुंडीच्या तळाला छिद्र असल्याची खात्री करून घ्यावी. शोभेच्या बंद कुंड्यांत पाणी साठते आणि मुळे कुजतात. पाणी कमी पडण्यापेक्षा जास्त झाल्यानेच घरातली रोपे अधिक मरतात.

प्रसंग पाहून

आजाऱ्याला फुले पाठवण्यापूर्वी रुग्णालयात चौकशी करावी. अतिदक्षता विभागात फुले सहसा नेऊ देत नाहीत. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, विशेषतः कर्करोगाचे उपचार सुरू आहेत, त्यांच्याजवळ कुंडी ठेवू नये, कारण मातीतल्या बुरशीने संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी फुले घरी परतल्यावर पाठवावीत. तेव्हा विचारपूस करणारे कमी झालेले असतात आणि फुलांचे अप्रूप जास्त असते. उग्र वासाचा निशिगंध मात्र आजाऱ्याला नको.

दुःखाच्या घरी रंगीत गुच्छ पाठवू नये. हार पाठवायचा असेल तर घरातल्या जबाबदार माणसाला विचारून, साध्या पांढऱ्या फुलांचा पाठवावा. बारशाला, वास्तुशांतीला दाराचे तोरण आणि पूजेची सुटी फुले पाठवली तर यजमानाची पहाटेची एक फेरी वाचते.

हाती पडल्यावर

फुले मिळणाऱ्यालाही चार गोष्टी सांगून ठेवाव्यात. सेलोफेन लगेच काढावा. देठांची टोके तिरकी कापावीत, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत आणि पाणी रोज बदलावे. जरबेऱ्याला दोन-तीन बोटे पाणी पुरते, खोल पाण्यात त्याचा देठ सडतो. फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नये. पिकणाऱ्या केळी-आंब्यांतून निघणाऱ्या वायूमुळे फुले लवकर माना टाकतात. कार्नेशनवर त्याचा परिणाम विशेष होतो. अँथुरियम आणि ऑर्किड पुष्कळ दिवस टिकतात. सतत फिरतीवर असणाऱ्यांना तीच बरी.

आता कोल्हापूरच्या त्या आईकडे वळू या. बारशाला अजून अवकाश आहे. या वेळी तिने मुलीच्या शेजारणीकडून घराजवळच्या फूलवाल्याचा नंबर घेऊन ठेवावा, आधी एकदा देवासाठी थोडी फुले मागवून त्याची पारख करावी आणि काम आवडले तर तसे फोन करून सांगावे. अशा दुकानदाराला पुढच्या वेळी कमी सांगावे लागते. बारशाच्या सकाळी पाळण्यासाठी मोगऱ्याच्या माळा आणि मुलीसाठी दोन मोळ गजरा तो नऊच्या आत दारात पोहोचवील. वडिलांचे प्लॅस्टर तोवर निघाले असेल तर आई स्वतःच गाडीत बसेल आणि बंगळुरूला उतरल्यावर फुले कुठे घ्यायची, हेही तिला आधीच ठाऊक असेल.