गरिबीचा दाखला आणि प्रवासाचा पास

रेल्वेच्या 2009-10 च्या अर्थसंकल्पात ममता बॅनर्जी यांनी असंघटित क्षेत्रातील श्रमिकांसाठी ‘इज्जत’ नावाचा मासिक पास जाहीर केला. किंमत 25 रुपये, अंतर 100 किलोमीटरपर्यंत. अट अशी की, मासिक उत्पन्न 1500 रुपयांहून अधिक नसावे. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो अटीचा.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने किमान मजुरीचा राष्ट्रीय तळ दिवसाला 100 रुपये ठरवला. म्हणजे पंधरा दिवसांहून अधिक काम मिळालेला आणि कायदेशीर मजुरी हाती पडलेला कोणताही मजूर या पासाला अपात्र! पात्र कोण, तर ज्याला मालकाने किमान मजुरी नाकारली तो, किंवा अर्धा महिना बेकार असलेला. 2012-13 मध्ये अंतर 150 किलोमीटर झाले. उत्पन्नाची मर्यादा मात्र तिथेच राहिली. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 312 रुपये होता. त्या हिशेबाने पाचव्या दिवशीच मजुराने ही रेषा ओलांडली. रोज कामासाठी पन्नास-साठ किलोमीटर जाणारा माणूस खरे उत्पन्न सांगून हा पास घेऊच शकत नाही. त्याला खोटे लिहून द्यावे लागते, आणि पासाचे नाव ‘इज्जत’!

शिवाय उत्पन्नाचा दाखला म्हणजे काय हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. तलाठ्याचा अहवाल, तहसील कचेरीतील खेटे, बुडालेला रोज. सवलतीची पहिली किंमत गरीब अशी आगाऊच भरतो.

याउलट एसटीचे उदाहरण पाहावे. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्मे भाडे लागू झाले. त्यात उत्पन्नाची अट नव्हती. सधन स्त्रियांना सवलत कशासाठी, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. अर्थशास्त्रीय परिभाषेत तो वजनदार वाटतो, व्यवहारात टिकत नाही. दारात मोटार असलेली स्त्री फाट्यावर उन्हात तासभर लाल गाडीची वाट पाहत नाही. गरजूंची निवड ती गाडीच करते आणि तहसीलदारापेक्षा पुष्कळच बरी करते.

तथापि यात एक मोठी फट राहिली आहे. वयाने ज्येष्ठ नसलेला हमाल, गवंड्याच्या हाताखालचा बिगारी, शेतमजूर पुरुष यांना अल्प उत्पन्नासाठी म्हणून एसटीत सवलत नाही. 25 जानेवारी 2025 रोजी झालेली 14.95 टक्के भाडेवाढ त्यांच्यावर पूर्ण पडली. त्यांच्यासाठी नवा ‘गरीब पास’ मागणे म्हणजे पुन्हा दाखल्याच्या फेऱ्यात अडकणे होय. मागणी वेगळी हवी : सहा-सहा किलोमीटरच्या पहिल्या काही टप्प्यांचे भाडे सर्वांसाठीच उतरवावे आणि त्याची भरपाई राज्य सरकारने महामंडळाला वेळच्या वेळी रोख द्यावी. मजुराचा रोजचा प्रवास बहुधा याच टप्प्यांत असतो.

भरपाईचा आग्रह केवळ हिशेबाचा नाही. थकबाकी महामंडळाच्या अंगावर पडली की नव्या गाड्यांची खरेदी लांबते, आणि आधी बंद होतात त्या आडवळणाच्या फेऱ्या. संध्याकाळची गाडी रद्द झाली की निम्म्या तिकिटाची हक्कदार बाई वडापमध्ये बसते आणि पूर्ण भाडे मोजते.