गंजलेला नट आणि आपली घाई

जाम झालेल्या नटावर आपल्याकडे रामबाण उपाय एकच, हातोडा! त्यानं नाही भागलं तर मोठा हातोडा. त्यानंही नाही भागलं तर गॅस कटर. माझं म्हणणं सरळ आहे. गंजलेला नट हा ताकदीचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. आणि तो वेळ द्यायला मिस्त्री नव्हे, आपण तयार नसतो.

"पोखर्णीत कसला आलाय गंज? गंज कोकणात!" हे आमच्या घरातल्या जाणकारांचं लाडकं वाक्य. अहो, नृसिंहाच्या दर्शनाला आलेल्या एखाद्या जुन्या मारुती ८०० खाली जरा वाकून बघा. पावसाळ्यात आपली काळी माती लोअर आर्मभोवती लिंपून बसते. वरून वाळते, आत ओल धरून ठेवते. कापसाला जो गुण, तोच गाडीला अवगुण.

लोअर आर्मचा बोल्ट रबरी बुशच्या मधल्या लोखंडी नळीतून जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे मधली फट भरते आणि बोल्ट नि नळी एकजीव होतात. नट सुटतो, पण बोल्ट काही हलत नाही. तिथं हातोडा मारला की आटे चेपतात. गॅस लावला की रबर जळतं, बॉल जॉइंटचं ग्रीस वितळतं. आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरला आच लागली तर तो फुटूही शकतो.

मी घरच्या अंगणात हे काम करतो ते असं. गाडी नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली स्टँड हवाच. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशनं आटे साफ करून गंज सोडवणारं तेल सोडायचं. सकाळी पुन्हा. डब्ल्यूडी-४० मारून दोन मिनिटांत पाना लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की १९५३ साली ते पाणी हटवायला बनलं, मुरलेला गंज विरघळवायला नाही. मग सहा कोनांचं सॉकेट लावायचं, आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. बोल्ट ठोकावाच लागला, तर नट टोकाशी ठेवून, म्हणजे आटे वाचतात. आणि दाबलेल्या स्प्रिंगचा वरचा नट कंप्रेसरशिवाय खोलायचा नाही. तिथं चूक झाली तर जीवावर बेततं.

आता खरं भांडण. गॅरेजमध्ये आपण मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहतो, "किती वेळ?" त्यानं रात्रभर तेल मुरू दिलं, तर "नुसतं तेलच तर टाकलं!" म्हणून पैसे कापतो. वाट बघण्याची मजुरी कोण देतो? मग तो बोल्ट कापतो. कापतो म्हणजे चष्म्याविना बसलेलं पोरगं कापतं, ठिणग्या त्याच्या डोळ्यात. वर नवा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट बसतो. मूळ बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. ती त्याच्या ताकदीची खूण. बिनआकड्याच्या बोल्टवर चाक पेलायचं आणि गंगाखेड रस्त्याच्या खड्ड्यांतून लेकरंबाळं न्यायची! वाचवलं काय, तर अर्धा दिवस.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण मिरवतो ना? मग थोडी जर्मन शिस्त तरी उचला. पावसाळा संपला की गाडीखालची माती धुवा. बोल्ट बसवताना ग्रीसचा हात द्या, पण ग्रीसवर नट नेहमीपेक्षा कमी जोरात आवळा. बुशचा नट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

आणि पुढच्या वेळी मिस्त्री म्हणाला, "गाडी आज राहू द्या, उद्या न्या," तर त्याच्यावर डाफरू नका. तो तुमचीच गाडी वाचवतोय. त्या रात्रीचे पैसे त्याला द्या... न मागता.